परसातला टोमॅटो : कोणता आणि कशासाठी?

बालरोगतज्ज्ञाने टोमॅटोच्या वाणांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण कारण दवाखान्यातलेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७.१ टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. आपल्या मुलांना लोह मिळते ते मुख्यतः भाकरी, वरण, उसळ यांतून. हे वनस्पतिजन्य लोह आतड्यात सहजी शोषले जात नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. म्हणून लोहाचे औषध लिहून देताना मी आईला विचारतो, "ताटात कच्चे, आंबट काय असते?" उत्तर बहुधा एकच येते, "टोमॅटो तर तो बाजूला काढून ठेवतो, डॉक्टर!"

त्यात मुलांचा तरी काय दोष? बाजारातला टोमॅटो दूरच्या प्रवासासाठी निवडलेला असतो. त्याची साल जाड असते आणि रंग चढू लागताच तो तोडलेला असतो. फळ सर्वत्र एकसारखे पिकावे म्हणून पैदासकारांनी जो गुण जोपासला, त्यानेच फळातली साखर कमी होते, हे २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. हा गुण नसलेल्या कच्च्या फळाचे खांदे अधिक हिरवे असतात. परसात लावणाऱ्याला प्रवासाची चिंता नसल्याने त्याने चवीकडे पाहून वाण निवडावा.

निवडीचा पहिला प्रश्न असा : कच्चा खायचा की शिजवायचा? शिजवताना क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. उलट लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शिजवल्यावर आणि थोड्या तेलासोबत अधिक चांगले शोषले जाते. त्यापासून अ जीवनसत्त्व मात्र बनत नाही, एवढे ध्यानात असावे. सारांश, दोन कामांसाठी दोन वाण असलेले बरे.

कोशिंबिरीसाठी मी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का विकास' सुचवीन. फळ ८० ते ९० ग्रॅमचे, चपटगोल, खांदे फिकट हिरवे. तो संकरित नसल्याने पिकलेल्या फळाचे बी पुढच्या वर्षी धरता येते. सार-आमटीला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना 'पुसा रुबी' उत्तम. तो रसाळ आणि किंचित आंबट असतो. दाट रस्सा किंवा चटणी करायची तर लांबट, गरदार, कमी बियांचे 'रोमा' किंवा लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचे 'पंजाब छुहारा' घ्यावे. पाणी आटवण्यात वेळ जात नाही. मुलांना चेरी टोमॅटोचे विशेष आकर्षण असते. परंतु पाच वर्षांखालील मुलाला तो अख्खा कधीही देऊ नये, घशात अडकून श्वास कोंडू शकतो. उभे चार काप करूनच द्यावा.

दुसरा प्रश्न मातीचा. बेळगावच्या पश्चिमेकडील लाल, ओलसर जमिनीत आणि खाली गोव्यात जिवाणूजन्य मर रोग टोमॅटोचा मोठा वैरी आहे. हिरवेगार झाड एकाएकी मान टाकते. निदान आपल्या डॉक्टरमित्रांना आवडेल असे सोपे आहे : खोड कापून त्याचे टोक स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरावे; दुधाळ धागे खाली उतरू लागले तर रोग तोच. यावर खात्रीचे औषध नाही. प्रतिबंध हाच उपचार. त्या जागी पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची लावू नये आणि 'अर्का रक्षक'सारखा प्रतिकारक्षम वाण निवडावा. तो मर, पर्णगुच्छ आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तोंड देतो. मात्र तो संकरित आहे. त्याचे बी राखून उपयोग नाही, दरवर्षी नवे घ्यावे लागते.

आपल्याकडचा मुसळधार पाऊस ओसरला की, सप्टेंबरच्या सुमारास रोपे तयार करावीत आणि पंचवीस-तीस दिवसांची झाली की लावावीत. गच्चीवरच्या कुंडीत ठरावीक उंचीवर थांबणारे वाण सोयीचे. वाढतच जाणाऱ्यांना काठीचा आधार हवा. फळ झाडावरच लाल होऊ द्यावे आणि तोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नये, थंडीने स्वाद जातो.

दोन कुंड्यांनी रक्तक्षय बरा होत नाही. लोहाचे औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत द्यायलाच हवे आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करायला हवा. तोंडाभोवती लाली आली तर ती बहुधा आंबटपणाची असते; पित्त उठले किंवा उलट्या झाल्या तरच ॲलर्जीचा विचार करून डॉक्टरांना दाखवावे. पण आपण पाणी घातलेल्या झाडाचे फळ मूल सहसा ताटाबाहेर काढत नाही, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. तेव्हा यंदा रोप आणाल तेव्हा पाणी घालण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान सदस्याकडे सोपवावे, ही विनंती.