शंकरराव थोरात

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (जन्म : १२ ऑगस्ट १९०६; मृत्यू : १० ऑगस्ट १९९२) हे भारतीय भूसेनेतील एक ज्येष्ठ सेनानी होते. दुसऱ्या महायुद्धातील कांगॉची लढाई, कोरियातील युद्धकैद्यांची व्यवस्था आणि ईशान्य सीमेच्या संरक्षणासाठी १९५९ मध्ये त्यांनी मांडलेली योजना यांमुळे ते विशेष ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

थोरात यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील वडगाव येथे झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील सैनिकी महाविद्यालयातून प्रशिक्षण पूर्ण करून ते १९२६ मध्ये सैन्यात अधिकारी झाले.

दुसरे महायुद्ध

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील अराकान किनाऱ्यावर कांगॉ येथे जपानी सैन्याशी तुंबळ लढाई झाली. तेथे लढणाऱ्या ५१व्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थोरात, के. एस. थिमय्या आणि एल. पी. सेन. थोरात यांच्या पंजाबी पलटणीने ‘मेलरोझ’ हे मोक्याचे ठाणे जिंकले. या तिघांनाही ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. भारतीय अधिकारी पलटणीचे नेतृत्व करू शकतील का, या शंकेला रणभूमीवर मिळालेले हे उत्तर होते.

कोरियातील कामगिरी

१९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय अभिरक्षक दलाकडे आला. या दलाचे प्रमुख थोरात होते. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले. तेव्हा थोरात स्वतः छावणीत शिरले आणि बळाचा वापर न करता त्यांनी त्याची सुटका करवून घेतली. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र (वर्ग २) देण्यात आले. हाच सन्मान पुढे कीर्तिचक्र या नावाने ओळखला जाऊ लागला.

थोरात योजना

१९५७ ते १९६१ या काळात थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. या विभागाचे मुख्यालय तेव्हा लखनौ येथे होते. चीनने आक्रमण केल्यास मॅकमोहन रेषेवरील चौक्या टिकणार नाहीत, असे त्यांचे अनुमान होते. रस्ते नसलेल्या त्या डोंगराळ प्रदेशात आपल्या सैन्याला रसद पुरवणे दुष्कर होते. त्यामुळे सीमेवरील चौक्यांचा उपयोग केवळ टेहळणीसाठी करावा आणि खरी लढाई आतल्या, रसद पोहोचू शकणाऱ्या संरक्षणरेषेवर द्यावी, असे त्यांनी सुचवले. शत्रू जितका पुढे येईल तितकी त्याची रसदवाहिनी लांबत जाईल, हे या योजनेचे मर्म होते. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी ती सेनामुख्यालयाला सादर केली आणि मार्च १९६० मध्ये ‘लाल किला’ या युद्धसरावाद्वारे तिची पडताळणी केली. लष्करप्रमुख थिमय्या यांनी योजनेला पाठिंबा दिला; परंतु संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ती स्वीकारली नाही.

निवृत्ती व उत्तरायुष्य

थिमय्यांचे उत्तराधिकारी म्हणून थोरात यांचे नाव चर्चेत होते. मात्र लष्करप्रमुखपदी पी. एन. थापर यांची नेमणूक झाली. थोरात मे १९६१ मध्ये निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले आणि सीमेलगतची ठाणी त्यांच्या अनुमानाप्रमाणेच कोसळली. युद्धानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले. ही योजना आपल्याला का दाखवण्यात आली नाही, असे नेहरूंनी विचारल्याचे थोरात यांनी ‘फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट’ या आत्मचरित्रात नमूद केले आहे. या पराभवानंतर मेनन यांना पद सोडावे लागले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले.