टाक्यांनी लिहिलेली नावे : एड्स स्मृती-गोधडीच्या एका दशकाचा मागोवा

जागतिक एड्स दिनी, 1 डिसेंबर 2024 रोजी, वॉशिंग्टनमधील व्हाइट हाउसच्या दक्षिणेकडील हिरवळीवर एड्स स्मृती-गोधडीचे काही भाग प्रथमच अंथरले गेले. आणि वर्ष उलटण्याच्या आतच त्याच देशाच्या नव्या शासनाने हा दिवस पाळण्यासाठी सरकारी पैसा वापरू नये, असे आपल्या परराष्ट्र खात्याच्या कर्मचाऱ्यांना व अनुदानित संस्थांना कळवले. जानेवारी 2025 मध्ये परदेशी मदत गोठवली गेली, तेव्हा अनेक गरीब देशांतील एड्स-उपचारांची घडी विस्कटली होतीच. ही गोधडी शासनाच्या मौनाला उत्तर म्हणून जन्मली असल्याने नव्या मौनाची बोच तिच्या इतिहासाशी परिचित असलेल्यांना अधिक तीव्रतेने जाणवते.

वस्त्रांचे थर एकावर एक ठेवून टाक्यांनी सांधण्याची रीत महाराष्ट्राला गोधडी व वाकळ या रूपांत ठाऊक आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात या कलेला आणखी एक वळण लाभले : लग्न किंवा दूरचे स्थलांतर अशा प्रसंगी नात्यातील व शेजारच्या स्त्रिया एकेक चौकोन शिवत, त्यावर आपले नाव व शुभेच्छा लिहीत किंवा भरतकामाने उमटवत, आणि ते चौकोन जोडून निघालेल्या माणसाला देत. एड्स स्मृती-गोधडीने हाच प्रेमाचा संदेश मृतांना उद्देशून लिहिला. तिचा मूळ घटक म्हणजे तीन फूट रुंद व सहा फूट लांब कापडी फलक. हे माप थडग्याचे आहे, आणि असे आठ फलक जोडून बारा फुटांचा चौरस तयार होतो.

पहिल्या प्रेरणेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. सॅन फ्रान्सिस्कोतील नेते हार्वी मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांच्या 1978 मधील हत्येच्या स्मरणार्थ दरवर्षी मेणबत्ती मोर्चा निघत असे. 1985 च्या मोर्चात कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांनी लोकांना एड्सने गेलेल्या आप्तांची नावे पुठ्ठ्यांवर लिहायला सांगितली आणि ते पुठ्ठे एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले गेले, तेव्हा ती भिंत ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. जोन्स यांनी 1987 च्या आरंभी आपल्या दिवंगत मित्रासाठी पहिला फलक बनवला, आणि जूनपर्यंत ‘नेम्स प्रोजेक्ट’ ही संस्था उभी राहिली.

खरे लक्ष द्यावे असे दशक येथून सुरू होते. रोगाची पहिली नोंद जून 1981 मधली असूनही राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावरील पहिले सविस्तर भाषण मे 1987 अखेर केले, तोवर वीस हजारांहून अधिक अमेरिकन दगावले होते. अनेक अंत्यसंस्कार-गृहे एड्सने मेलेल्यांची प्रेते स्वीकारत नव्हती, आणि मृताच्या जोडीदाराला त्याच्या अंत्यविधीत जागा देण्याचे अनेक कुटुंबांनी नाकारले होते. ज्यांना थडग्यावर नाव कोरण्याचा अधिकार मिळाला नाही, त्यांनी ते कापडावर शिवले. त्यांतील कित्येकांनी पूर्वी सुई हातात धरलेली नव्हती. कापडातून अक्षर कापायचे, टाचणीने बसवायचे, कडेने टाके घालायचे, असे करताना एका नावाला अनेक रात्री लागत. फलकांवर मृताची जीन्स, चामड्याची जाकिटे, प्रेमपत्रे, लग्नाच्या अंगठ्या, खेळण्यातील अस्वले, क्वचित अस्थींची राखही शिवलेली आढळते. एका फलकावर नावच नाही : भावासाठी तो सजवणाऱ्या भावंडाने त्यावर लिहून ठेवले आहे की आईवडिलांना नाव उघड नको होते आणि ही रिकामी जागा म्हणजे त्या भयाचीच खूण आहे. या दशकाची सारी लाज त्या एका फलकात साठलेली आहे. सर्वच संदेश प्रेमाचे नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. स्वतःचे समलैंगिकत्व आणि आजार दोन्ही अखेरपर्यंत नाकारणारे वकील रॉय कोन यांच्या फलकावर दांडगट, भित्रा आणि बळी अशा अर्थाचे तीन शब्द आहेत, आणि त्यांतील तिसऱ्या शब्दात करुणा आहे.

वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण मैदानावर 11 ऑक्टोबर 1987 रोजी 1,920 फलक पहाटे उलगडले गेले. पांढऱ्या वेषातील स्वयंसेवक एकेक घडी उघडत होते आणि ध्वनिक्षेपकावरून नावे वाचली जात होती. तीनच दिवसांनी अमेरिकी सिनेटने समलैंगिकतेला उत्तेजन देणाऱ्या एड्स-शिक्षणाला सरकारी पैसा मिळू नये, अशी जेसी हेल्म्स यांची दुरुस्ती 94 विरुद्ध 2 मतांनी स्वीकारली. तो रोग कसा टाळावा हे ज्यांना सर्वाधिक कळायला हवे होते, त्यांच्यापर्यंत ते ज्ञान पोहोचू न देण्याचा हा निर्णय अक्षम्यच म्हटला पाहिजे, आणि त्या 94 जणांची नावे गोधडीतील नावांइतकीच लक्षात राहावीत. पुढल्या वर्षी वीस शहरांचा दौरा झाला व ऑक्टोबरमध्ये व्हाइट हाउससमोर 8,288 फलक पसरले गेले, पण गोधडी पाहायला एखादा पदस्थ राष्ट्राध्यक्ष येण्यासाठी 1996 उजाडावे लागले.

गोधडीवर आतूनही टीका झाली. ‘ॲक्ट अप’ या आंदोलनातील अनेकांना शोक हा संघर्षातून माघार घेण्याचा मार्ग वाटत असे. समीक्षक डग्लस क्रिम्प यांनी 1989 मध्ये शोक आणि लढाऊपणा परस्परविरोधी नाहीत, असे मांडले, आणि 11 ऑक्टोबर 1992 रोजी गोधडी वॉशिंग्टनमध्येच अंथरलेली असताना आंदोलकांनी आपल्या प्रियजनांची राख व्हाइट हाउसच्या कुंपणापलीकडे फेकली, तेव्हा दोन्ही वाटा एकाच शहरात, एकाच दिवशी दिसल्या.

याच काळात गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला 1989 मध्ये केवळ विषाणूबाधित असल्यामुळे राज्याच्या आरोग्य कायद्याखाली 64 दिवस एकांतात डांबण्यात आले. त्याच्या आईने दाखल केलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. भारतातही नाव उघड होणे म्हणजे शिक्षा होती, आणि तरीही नावानिशी उभे राहून त्याने 1992 मधील मृत्यूपूर्वी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था स्थापली.

ऑक्टोबर 1996 मध्ये गोधडी अखेरची संपूर्ण अंथरली गेली, आणि त्याच वर्षी अनेक औषधांच्या एकत्रित उपचारपद्धतीने मृत्यू वेगाने घटू लागले. त्यानंतरची वर्षे गोदामे, कर्जे व स्थलांतरांची आहेत. अटलांटाला गेलेली गोधडी 2020 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात परतली, आणि त्याच वर्षी तिच्या दीर्घकालीन सांभाळकर्त्या गर्ट मॅकमलिन यांनी उरलेल्या कापडातून करोनासाठी मुखपट्ट्या शिवल्या. सुमारे 50,000 फलक, एक लाखाहून अधिक नावे आणि 54 टन वजन असलेला हा संग्रह आता बहुतांशी पडद्यावर पाहिला जातो. नाव शोधण्याची ही सोय मोलाची असली, तरी थडग्याएवढ्या कापडापाशी उभे राहण्याचा अनुभव तिने मिळत नाही, ही हानी मान्य करणे भाग आहे.

त्याहून गंभीर उणीव अशी की या साथीने कृष्णवर्णीय अमेरिकनांचे प्रमाणाबाहेर बळी घेतले असूनही गोधडीत त्यांची नावे कमी आहेत; कारण फलक बनवायला फुरसत, पैसा आणि मृत्यूचे कारण उघड सांगता येईल असा शेजार लागतो. दक्षिणेकडील राज्यांत कापड व सुई पुरवून भरवली जाणारी शिवणशिबिरे ती उणीव भरून काढत आहेत, आणि तेथे तीस वर्षांपूर्वी गेलेल्यांची नावे आता प्रथमच शिवली जात आहेत.