शब्द जावा-जावा, चुली मात्र वेगळ्या



गटांच्या बैठकांना फिरताना मला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, मोबाइलवर मेसेज आलाय, पैसे डेबिट झाले म्हणून. म्हणजे आले की गेले?" विचारणारी बाई हिशोबात कच्ची नसते. गटाची वर्गणी, व्याज, दंड सगळं ती तोंडावर सांगते. तिला अडवतो तो फक्त एक इंग्रजी शब्द.

लोन, बॅलन्स, फॉर्म हे शब्द आता आपलेच झालेत. अडचण येते ती जोडीने येणाऱ्या शब्दांची. एका घरातल्या जावांसारखे ते कागदावर शेजारी शेजारी बसतात, पण त्यांच्या चुली वेगळ्या असतात. एकीच्या जागी दुसरी समजली, की भुर्दंड आपल्याला पडतो. आज अशा काही जोड्या नीट ओळखून घेऊ.

डेबिट आणि क्रेडिट

डेबिट म्हणजे नावे पडले, खात्यातून गेले. क्रेडिट म्हणजे जमा झाले. लक्षात ठेवायला सोपं करू: डेबिट म्हणजे डब्यातून गेले, क्रेडिट म्हणजे कणगीत आले. पासबुकात जागा कमी असली की 'डीआर' आणि 'सीआर' एवढंच छापतात. डीआर गेले, सीआर आले.

पण क्रेडिट या शब्दाला दुसराही अर्थ आहे, तो म्हणजे उधारी. डेबिट कार्डाने खरेदी केली तर आपल्या खात्यातले पैसे जातात. क्रेडिट कार्डाने केली तर बँकेचे पैसे जातात आणि ते मुदतीत फेडावे लागतात. गटाला मिळणारं 'कॅश क्रेडिट'ही उधारीच आहे. 'गटाच्या खात्यावर लाखाची लिमिट आली' म्हणजे लाख रुपये आपले झाले असं नाही. लाखापर्यंत उचलता येतील एवढाच त्याचा अर्थ. जेवढे उचलाल आणि जितके दिवस वापराल, तेवढ्यावर व्याज. 'टर्म लोन' मात्र ठरलेल्या मुदतीचं कर्ज. ते एकदा हातात आलं की वापरा किंवा घरात ठेवा, व्याज चालू होतं.

फ्लॅट आणि रिड्यूसिंग

आता वही-पेन घ्या. ही जोडी सगळ्यात महागात पडते.

समजा, दोन मैत्रिणींनी प्रत्येकी १२,००० रुपये कर्ज घेतलं. मुदत १२ महिने. दोघींना सांगितलं, व्याज वर्षाला १२ टक्के. दोघी म्हणाल्या, आपला दर सारखाच.

पहिलीचं कर्ज 'रिड्यूसिंग' पद्धतीचं, म्हणजे घटत्या शिल्लकीवर व्याज. ती दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडते. पहिल्या महिन्यात १२,००० वर व्याज १२० रुपये. दुसऱ्या महिन्यात राहिले ११,०००, व्याज ११० रुपये. असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात १० रुपये. सगळी बेरीज करा: ७८० रुपये.

दुसरीचं कर्ज 'फ्लॅट'. तिच्या पूर्ण १२,००० वर वर्षाचं १२ टक्के व्याज आधीच काढलं, १,४४० रुपये, आणि बारा हप्त्यांत वाटून टाकलं. हप्ता १,१२० रुपये. दहा महिन्यांत तिने १०,००० मुद्दल परत केलेलं असतं, तरी अकराव्या महिन्यात ती पहिल्या दिवसाइतकंच व्याज देत असते.

दर तोच, मुदत तीच, फरक ६६० रुपयांचा. हा १२ टक्के फ्लॅट घटत्या शिल्लकीच्या हिशोबाने साधारण साडेएकवीस टक्क्यांवर जातो. म्हणून कोणी दारात येऊन "फक्त बारा टक्के" म्हणालं, की आपला पहिला प्रश्न: "फ्लॅट की रिड्यूसिंग?" दुसरा प्रश्न: "महिन्याला की वर्षाला?" कारण गावात 'शेकडा दोन' म्हणतात ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला २४.

तिसराही प्रश्न आहे: "हातात किती येणार?" 'सँक्शन' म्हणजे मंजूर झालेली रक्कम आणि 'डिस्बर्समेंट' म्हणजे प्रत्यक्ष दिलेली रक्कम. मधल्या मध्ये प्रोसेसिंग फी आणि विम्याचे पैसे कापले जाऊ शकतात. हे सगळं एका पानावर यावं म्हणून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या वैयक्तिक कर्जांना आणि लहान उद्योगांच्या कर्जांना 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे, आणि ते कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत हवं. त्यात 'एपीआर' म्हणून एक आकडा असतो. व्याज आणि इतर खर्च धरून वर्षाला कर्ज खरोखर किती टक्क्यांना पडतं, ते तो सांगतो. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना करायची तर एपीआर शेजारी शेजारी ठेवून करा.

विटनेस, गॅरंटर आणि को-अप्लिकंट

या तीन जणी आहेत. तिघींचीही सही एकाच कागदावर असते, म्हणून घोटाळा होतो.

विटनेस म्हणजे साक्षीदार. 'हिने माझ्यासमोर सही केली' एवढंच ती सांगते. पैशाची जबाबदारी नाही.

गॅरंटर म्हणजे जामीनदार. कर्जदाराने फेडलं नाही तर ही फेडणार. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. "आधी तिच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असं सहसा म्हणता येत नाही.

को-अप्लिकंट म्हणजे सहकर्जदार. कर्ज जितकं तिचं, तितकंच हिचं. हप्ता पहिल्या दिवसापासून दोघींच्या नावावर.

माझ्या ओळखीच्या एका ताईंना शेजारणीने सांगितलं, "नुसती साक्षीदार म्हणून सही करा." कागदावर लिहिलं होतं गॅरंटर. शेजारीण कामाच्या शोधात दुसऱ्या जिल्ह्यात गेली, हप्ते थांबले आणि वसुलीवाले ताईंच्या अंगणात उभे राहिले. त्यांनी शेळ्या विकून थोडी रक्कम भरली. मैत्री ठेवायची म्हणून सही करू नये असं मी म्हणत नाही. आपण कोण म्हणून सही करतोय, ते सहीच्या वरच्या ओळीत वाचून घ्यावं. वाचता आलं नाही तर वाचून घेईपर्यंत पेन उचलू नये.

नॉमिनी आणि वारस

बँक खात्याचा नॉमिनी म्हणजे खातेदार गेल्यावर पैसे ज्याच्या हाती बँकेने द्यायचे तो. तो पैसे स्वीकारतो, म्हणून मालक होतोच असं नाही. मालकी ठरते मृत्युपत्राने, ते नसेल तर वारसा कायद्याने. विम्यात थोडा फरक आहे. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर आयुर्विम्याचा नॉमिनी नवरा, बायको, मुलं किंवा आई-वडील असतील, तर रक्कम सहसा त्यांचीच होते.

आपल्याला याचा उपयोग कुठे? पुष्कळ घरांत नवऱ्याचं खातं लग्नाआधीचं असतं आणि नॉमिनी म्हणून भावाचं नाव असतं. उद्या वाईट वेळ आली, तर बँक पैसे दिराच्या हाती देईल. बायको-मुलांचा हक्क संपत नाही, पण तो मागायला हेलपाटे घालावे लागतात. त्यापेक्षा आजच फॉर्म भरून नाव बदलणं सोपं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींसाठी चारपर्यंत नॉमिनी देता येतात. हा विषय घरात काढायला जड जातो, मला ठाऊक आहे. पण "पासबुकावर नॉमिनी नोंदलाय का बघू" एवढ्याने सुरुवात होते.

जीवन ज्योती आणि सुरक्षा

खात्यातून वर्षाला दोन रकमा कापल्या गेलेल्या दिसतात. ४३६ रुपये ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे. मृत्यू आजाराने होवो वा अपघाताने, २ लाख रुपये मिळतात. २० रुपये ते सुरक्षा विम्याचे. तो फक्त अपघातासाठी. ज्यांचे २० रुपयेच कापले जातात, त्यांनी "माझा विमा आहे" म्हणून निर्धास्त राहू नये, आजारपणातल्या मृत्यूला त्यातून काही मिळत नाही. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक ठेवा.

ओटीपी आणि पिन

ओटीपी एकदाच वापरायचा, पिन कायमचा. दोन्ही कुणालाही सांगायचे नाहीत. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणारा माणूस चोर समजा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

पुढच्या बैठकीचं काम

प्रत्येकीने आपलं पासबुक आणि असेल तर कर्जाचा कागद आणा. तीन गोष्टी शोधा: नॉमिनीचं नाव, व्याजाची पद्धत आणि आपली सही कोण म्हणून आहे ते. जिला वाचता येतं तिने शेजारणीचा कागद वाचून दाखवा. जे कळणार नाही, ते इतिवृत्तात लिहून ठेवा आणि दोघी-तिघींनी मिळून बँकेत जा. "साहेब, हे मराठीत समजावून सांगा," असं म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. कर्ज फेडणाऱ्या आपण आहोत, तर कागद समजून घेण्याचा अधिकारही आपलाच आहे.