चौघांची टोली आणि वल्लभ भवन

भोपाळातील नेहरू नगराला लागून असलेल्या कोटरा सुल्तानाबादचे नाव प्रथमच ऐकणाऱ्याच्या मनात बेगमांच्या अमदानीतील एखादी कमान उभी राहणे स्वाभाविक आहे. परंतु आजचा हा भाग सरकारी निवासस्थानांचा आणि मध्यमवर्गीय घरांचा आहे, आणि त्याचा स्वभाव नवाबीपेक्षा दफ्तरी अधिक आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली, नागपूर व ग्वाल्हेर येथील खाती आपल्या शिरस्त्यांसह येथे रुजू झाली, आणि त्यांच्यामागोमाग अनेक मराठी कुटुंबेही या शहरात आली. ज्या घरात आजोबांची बढती खात्याच्या परीक्षेने ठरली आणि नातवाची नोकरीही परीक्षेनेच ठरावयाची आहे, त्या घराने गुणपत्रिकेकडे सनदेच्या आदराने पाहावे, यात नवल नाही. शिक्षणातील समावेशनावर लिहिणारे विद्वान या घराकडे फारसे वळून पाहत नाहीत. पण या राज्यात शिक्षणासंबंधी जो सर्वांत बोधप्रद सार्वजनिक कलह झाला, त्याचे मूळ अशाच घरांच्या चिंतेत शोधावे लागते, असे माझे मत आहे.

तो कलह तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील विज्ञानशिक्षणाचा. रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळची किशोर भारती या दोन स्वयंसेवी संस्थांनी राज्य सरकारच्या मंजुरीने 1972 मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत एक प्रयोग आरंभिला. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रेणवीय जीवशास्त्राचे काम सोडून या खेड्यात आलेले होते. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ न करता करून पाहावे, ही कल्पना तशी नवी नव्हती. नवे हे होते, की ती नर्मदाकाठच्या सामान्य सरकारी शाळांत, सामान्य सरकारी शिक्षकांकरवी अमलात आणावयाची होती. वर्गातील मुले चौघाचौघांच्या टोल्यांत बसत, प्रत्येक टोलीपुढे साहित्याचा संच असे, आणि ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे छापलेली नसून प्रश्न छापलेले असत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. मुलांना पडलेले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला पोस्टाने पाठविता येत व त्यांना उत्तरेही येत. 1978 मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पसरला, 1982 मध्ये त्याचा भार वाहण्यासाठी एकलव्य ही संस्था स्थापन झाली, आणि पुढे पंधराच्या आसपास जिल्ह्यांतील शाळा त्यात सामील झाल्या.

मराठी वाचकास यातील एक धागा परिचित असेल. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अरविंद गुप्ता नावाचे तरुण अभियंते 1978 मध्ये रजा घेऊन या प्रयोगात दाखल झाले, आणि आगकाड्या व सायकलच्या व्हाल्व ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन व घनाकृती करण्याची जी युक्ती पुढे देशभर गाजली, ती त्यांना तेथेच सुचली. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन मात्र कलंडतो, हे पूल बांधणाऱ्याच्या उपयोगाचे सत्य काही पैशांच्या सामानातून मुलाच्या बोटांना कळते.

या खटाटोपाचा समावेशनाशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू व झाँ-क्लोद पास्रों यांनी 1970 मध्ये असे प्रतिपादन केले, की सुखवस्तू घरातून मूल जी भाषा, जो आत्मविश्वास व जी रीतभात घेऊन येते, तिलाच शाळा बुद्धी समजते व तिलाच गुण देते; त्यामुळे परीक्षा वरकरणी सर्वांना समान असली तरी तिचा निकाल पुष्कळसा घरातच लागलेला असतो. या सिद्धांताचा महाराष्ट्रातील पडताळा होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने घेतला, आणि तो अधिक प्रसिद्ध व्हावयास हवा होता. 1974 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राने वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली जळगाव जिल्ह्यातील खिरोदा व आसपासच्या ग्रामीण शाळांत काम केले. पाठ्यपुस्तकातील विज्ञान कठीण नसून त्याचे संस्कृतप्रचुर, लांबलचक मराठी कठीण आहे, अशी शंका आल्यावर कुलकर्णी व त्यांचे सहकारी गंभीर यांनी आशय व क्रम तसाच ठेवून पुस्तकांची केवळ भाषा सोपी केली. तेवढ्याने मुलांची समज सुधारली, आणि ज्या वर्गात शिक्षकाखेरीज कोणी बोलत नसे तेथे मुले बोलू लागली. (प्रस्तुत लेखास त्या केंद्राने प्रवेश दिला नसता, हे उघड आहे.) पुढे 1980 च्या सुमारास याच मंडळींनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना काही वर्षे सातत्याने साहाय्य केले, तेव्हा शालान्त परीक्षेतील त्यांचे यश अपेक्षेपेक्षा पुष्कळ वर गेले. ज्याला आपण पात्रतेचा अभाव म्हणून दफ्तरी नोंदवितो, तो बऱ्याच अंशी भाषेचा आणि संधीचा अभाव असतो, हे यावरून दिसते.

होशंगाबादेतील टोली हे त्याच दुखण्यावरील दुसरे औषध होते. पाठ म्हणून दाखविण्यात ज्याच्या घरी पुस्तके आहेत तो पुढे राहतो. पण पाने गोळा करून त्यांचे गट पाडावयाचे असतील, किंवा पिकावरील कीड ओळखावयाची असेल, तर शेतमजुराच्या मुलीजवळही सांगण्यासारखे काही असते. शिक्षकाला मात्र यात आपले सिंहासन सोडावे लागते, कारण पुढच्या प्रश्नाचे उत्तर त्यालाही ठाऊक नसण्याचा संभव असतो. म्हणूनच उन्हाळी प्रशिक्षण आणि दरमहा भरणाऱ्या शिक्षकांच्या गोष्ठी यांना या कार्यक्रमात संचाहून अधिक महत्त्व होते.

2002 मध्ये हे सर्व थांबले. जिल्हा नियोजन समितीने कार्यक्रम बंद करण्याची शिफारस केली. मुले पुढील इयत्तांत मागे पडतात, स्पर्धापरीक्षांत टिकत नाहीत, आणि एकाच राज्यात एका जिल्ह्याने निराळे पुस्तक का वाचावे, असे आक्षेप होते. देशातील नामवंत शास्त्रज्ञांनी विरोध नोंदविला, वर्तमानपत्रांत वाद माजला, पण त्या जुलैत वल्लभ भवनातून, म्हणजे राज्याच्या मंत्रालयातून, निघालेल्या हुकुमाने हजाराच्या आसपास शाळांत नेहमीचे पाठ्यपुस्तक परत आले. सत्तेवर दिग्विजय सिंह यांचे काँग्रेस सरकार होते आणि स्थानिक विरोधात भारतीय जनता पक्षाचे आमदार आघाडीवर होते. तेव्हा या निर्णयाला एकाच पक्षाच्या विचारसरणीचे फळ म्हणता येत नाही. ज्या पद्धतीने गुणपत्रिकेचे माप अपुरे म्हणून बाजूला ठेवले होते, तिचा न्याय अखेर त्याच मापाने झाला. आणि मासिक गोष्ठींच्या टिपणांत साचलेला तीस वर्षांचा पुरावा फिर्यादीच्या दृष्टीने पुरावाच नव्हता.

तरीही पालकांना अडाणी ठरवून मोकळे होणे मला मान्य नाही. आठवीपर्यंत प्रश्न विचारावयास शिकविलेले मूल नववीत प्रवेश करताच उत्तरे घोकण्याच्या राज्यात जाणार, आणि त्या राज्याचा कायदा बदलण्याचा अधिकार एकलव्यजवळ नाही, हे बापाला दिसत होते. सुखवस्तू घरातील मूल हा सांधा शिकवणी लावून पार करते. गरिबाचे मूल तेथेच अडखळते. समावेशनासाठी योजलेल्या उपायाची जोखीम ज्यांचा समावेश करावयाचा त्यांच्याच शिरावर अधिक पडते, ही गोष्ट सुधारकांनी पालकांसमोर वेळीच आणि मोकळेपणाने मांडावयास हवी होती. शिक्षकांच्या गोष्ठी दरमहा भरत. पालकांसाठी तितकीच नियमित बैठक या रचनेत नव्हती.

गंमत अशी, की ज्या काळात आगकाड्यांचे संच शाळांतून उठले, त्याच काळात राज्य सरकारने ‘हेडस्टार्ट’ या नावाने शाळांत संगणक बसविण्यास आरंभ केला होता. यंत्राला माझा विरोध नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वडोदऱ्याच्या महापालिका शाळांतील संगणकीय गणिताचा लाभ दुसऱ्या वर्षी 0.47 प्रमाण विचलन इतका आढळला. मुंबई व वडोदऱ्यातील ‘बालसखी’, म्हणजे वस्तीतीलच अल्प मानधनावर नेमलेल्या तरुणी, यांचा लाभ 0.28 होता. मात्र मदत थांबल्यावर वर्षभरातच दोन्हींचा प्रभाव पुष्कळ ओसरला. संगणकाची खरेदी करता येते, त्याचे उद्घाटन होते, त्याची नोंद जडवस्तूंच्या वहीत चढते, आणि मुख्य म्हणजे तो आल्याने शिक्षकाचे आसन, परीक्षेचे माप व पुस्तकाची सत्ता यांपैकी काहीच हलत नाही. एखादे तंत्र शासनाच्या पसंतीस का उतरते, हे त्याच्या परिणामांइतकेच या निरुपद्रवीपणावरूनही ठरते, असा माझा तर्क आहे.

बंद झालेल्या प्रयोगाचा शेवट मात्र हुकुमाने झाला नाही. शास्त्रज्ञ यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात होशंगाबादेतील पुष्कळ विचार शिरले. एनसीईआरटीच्या त्यानंतरच्या सामाजिक शास्त्रांच्या पुस्तकांच्या सिद्धतेत एकलव्यच्या अनुभवी मंडळींचा हात होता. ‘शैक्षणिक संदर्भ’ हे नियतकालिक हिंदीप्रमाणे मराठीतही निघू लागले. प्रश्न विचारणारी पुस्तके अशा रीतीने देशभर पोहोचली. दरमहा शिक्षकांना एकत्र बसवून ‘हा प्रयोग आपल्याकडे का फसला’ यावर दिवसभर बोलू देणारी, आणि त्यासाठी त्यांना प्रवासभत्ता देणारी तजवीज मात्र त्या पुस्तकांबरोबर आपोआप गेली नाही. तो खर्च कोणत्या बाबीखाली दाखवावयाचा, हा वित्त खात्याचा प्रश्न तेव्हाही होता आणि अद्यापही आहे.