तलवारीच्या चकतीवरचे कोडे

जपानी तलवारीचे पाते आणि मूठ यांच्यामध्ये धातूची एक चकती बसवलेली असते. तिला 'त्सुबा' म्हणतात. साधारण सात-आठ सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीत पुष्कळदा आरपार नक्षी कोरलेली असते. पक्षी, फुले, गलबताचे शीड असे आकार सहज ओळखता येतात. पण काही आकृत्या कोड्यात टाकतात. १८७६ साली जपानमध्ये सर्वसामान्यांना तलवार बाळगून हिंडण्यास बंदी झाली. त्यानंतर अनेक चकत्या तलवारींपासून सुट्या होऊन संग्राहकांकडे गेल्या. वस्तू राहिली, पण ती कोणाची, कोठली, ही माहिती हरवली. मग तिच्यावरील चिन्हांचा अर्थ लावायचा कसा?

सर्वांत आधी नक्षी कोणती आणि कामापुरते पाडलेले छिद्र कोणते, हे वेगळे केले पाहिजे. मधले पाचरीसारखे छिद्र पात्याचा मुठीत शिरणारा भाग ओवण्यासाठी असते. त्याच्या बाजूंची एक-दोन छिद्रे म्यानात खोचलेली छोटी सुरी व केस सारखे करण्याची सळई यांच्यासाठी असतात. त्यांत गूढ अर्थ शोधणे व्यर्थ होय.

आता एक खरे कोडे पाहू. काही चकत्यांवर पाच उभ्या रेघा दिसतात. त्यांतील काही वरच्या टोकाला आडव्या रेघेने जोडलेल्या असतात. हा कंगवा की कुंपण? दोन्ही नाही. ही एका खेळातील नोंद आहे. पाच प्रकारच्या सुगंधी द्रव्यांच्या प्रत्येकी पाच, अशा पंचवीस पुड्या मिसळून त्यांतील पाच उचलायच्या आणि एकेक जाळायची. कोणते वास सारखे, ते खेळणाऱ्याने ओळखायचे. प्रत्येक वासासाठी एक उभी रेघ, उजवीकडून डावीकडे. सारख्या वासांच्या रेघा वर जोडायच्या. पहिला आणि तिसरा वास सारखा असेल, तर त्या दोन रेघा जोडल्या जातात व दुसरी त्यांच्याखाली आखूड राहते.

अशा आकृत्या किती होतील? बरोबर ५२. मुरासाकी शिकिबू या लेखिकेच्या अकराव्या शतकातील 'गेंजी'च्या कथेत ५४ प्रकरणे आहेत. पहिले व शेवटचे सोडून उरलेल्या प्रकरणांची नावे या आकृत्यांना दिली गेली. म्हणजे चकतीवरची आकृती जाणकाराला थेट कथेतील प्रकरण सांगते. शिवाय हा खेळ एदो काळात (१६०३ ते १८६८) रूढ झाला. त्यामुळे अशी नक्षी असलेली चकती त्याहून जुनी ठरवताना सावध राहावे लागते.

सर्वच कोडी अशी सुटत नाहीत. काही चकत्यांवर क्रूस दिसतो. जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. तेव्हा हे लपून धर्म पाळणाऱ्याचे चिन्ह असेल, असे लगेच वाटते. पण सात्सुमा प्रांताच्या शिमाझू घराण्याचे कुलचिन्हही क्रूसासारखेच होते. पुढे ते वर्तुळात काढले जाऊ लागले. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ साली याच घराण्याच्या कागोशिमा बंदरात उतरले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे चिन्ह वापरात होते. (झेवियर यांचे पार्थिव आज जुन्या गोव्यात आहे.) म्हणून केवळ आकारावरून निष्कर्ष काढता येत नाही. चकतीची घडण कोणत्या प्रांतातली, काळ कोणता, कारागिराची सही आहे का, असा स्वतंत्र पुरावा हवा. तो नसेल, तर 'दोन्ही अर्थ संभवतात' एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे.

हे वर्गात करून पाहता येईल. तीन रेघांच्या आकृत्या विद्यार्थ्यांना काढायला सांगा, पाच मिळतील. मग चार रेघा द्या. पंधरा मिळाल्या पाहिजेत. त्यानंतर एखादी आकृती नियम न सांगता दुसऱ्या वर्गाला दाखवा आणि तिचे किती अर्थ निघतात ते फळ्यावर लिहा. त्यांतला कोणता अर्थ कशाच्या आधारे खोडता येतो, ही चर्चा खरी महत्त्वाची.