वईतली मोई

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा जिल्ह्यात दुष्काळ सोसणाऱ्या झाडाचे कौतुक कशाला, असे कोणालाही वाटेल. पण हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते ऑक्टोबरमध्ये येतो आणि जांभ्यातून झिरपून निघून जातो. मालवण-देवगडच्या सड्यांवर पुढचे सात महिने झाडांच्या दृष्टीने दुष्काळाचेच. मोईने (कुठे हिला शेमट म्हणतात, कुठे शिमटी) त्यावर साधा उपाय काढला आहे: थंडीत पाने टाकून द्यायची आणि पाण्याचा खर्चच थांबवायचा. राखाडी साल खरवडली की आत लालसर, ओलसर गर दिसतो आणि जखमेतून डिंक येतो. इंग्रजीत हिला इंडियन अ‍ॅश म्हणतात. खऱ्या अ‍ॅशशी मात्र तिचे नाते नाही. लॅनिया कोरोमंडेलिका या शास्त्रीय नावाची ही मोई आंबा, काजू, बिब्ब्याच्या कुळातली.

बोडकी मोई वाळल्यासारखी दिसते आणि लाकडालाही भाव नाही, म्हणून तिला कोणी हिशेबात धरत नाही. हा हिशेब अपुरा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोडक्या फांद्यांच्या टोकांना बारीक पिवळट-जांभळट फुलांचे तुरे लटकतात. एकेक फूल नखाएवढेही नसते, पण मधमाश्या आणि माश्यांना तेवढे पुरते. काजूचा मोहोर सरत येतो त्याच सुमारास हा बहर येतो, ही गोष्ट बागायतदाराने लक्षात घेण्यासारखी आहे. काजूला फळ धरायला कीटक लागतात आणि त्या कीटकांना काजूनंतरही जगायचे असते. मग पावसाच्या तोंडावर लालसर, चपटी, मूत्रपिंडाच्या आकाराची फळे पिकतात. ती बुलबुल आणि इतर फळखाऊ पक्षी खातात. मऊ, किडकी फांदी कोरून घर करणाऱ्या तांबटालाही हे लाकूड सोयीचे. करवंद-जांभळांची त्या दिवसांत रानात रेलचेल असते, मग मोईचे काय अडले आहे, असा प्रश्न येईल. प्रश्न रास्त आहे. पण १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने डोंगरउतार काजू-कलमांनी भरले आणि अनेक ठिकाणी रानाचा तुकडा उरला तो फक्त बागेच्या कडेला, वईत म्हणजे कुंपणात. तिथे मोई टिकते, कारण तिचा जाड खुंट पावसाआधी नुसता रोवला तरी फुटतो. तारेचा खांब गंजतो, चिऱ्याच्या गडग्याला पैसे लागतात. मोईचा खांब मात्र वाढत जातो आणि गुरांना पालाही देतो.

काजूवाल्यांची एक हरकत अधिक गंभीर आहे: एकाच कुळातले झाड म्हणजे किडीला आसरा. ही भीती पोकळ नाही. काजूचे खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे भाऊबंद मोईच्या खोडातही वाढतात. म्हणून बागेच्या मधोमध मोई लावा, असे कोणी शहाणा सांगणार नाही. पण या किडीला जखमी, दुर्लक्षित खोड लवकर सापडते, मग ते काजूचे का असेना. खोडाशी भुसा दिसला की पोखरलेला भाग कोरून आतल्या अळ्या काढून मारायच्या, हे काजूच्या बागेत करावेच लागते. तेच वईतही करावे. सगळ्या मोया तोडल्याने काम वाचत नाही, फक्त पक्ष्यांचे अन्न जाते.

वईच्या बाबतीत एक चूक मात्र सहज होते. मोईची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. एकाच सोयीच्या झाडाच्या फांद्या तोडून सगळी वई रोवली, तर ती सगळी एकाच लिंगाची होते. झाड नर निघाले तर फुलांवर माश्या येतील, फळ एकही धरणार नाही. तेव्हा मे महिन्यात फळांनी लगडलेली झाडे हेरून ठेवावीत आणि निम्मे खुंट तरी त्यांचे घ्यावेत.