माळ्यावरची रात्र

भुईमुगाच्या शेंगा भरत आल्या की डोंगराकाठच्या गावांतून जागल सुरू होते. शेतात चार दांडगे वासे रोवायचे, त्यांवर आडव्या काठ्या बांधायच्या आणि वर पेंढा अंथरायचा. झाला माळा तयार! रात्रीची जेवणे उरकली की घरातली दोन माणसे घोंगडी, बॅटरी आणि रिकामा डबा घेऊन त्यावर चढतात. वाट पाहायची ती रानडुकरांची. कळप एकदा शेतात शिरला की चार महिन्यांची मेहनत रात्रीत उकरून टाकतो.

पूर्वी शिकारी अशाच मचाणावर बंदूक घेऊन बसत. शेतकरी डबा वाजवतो, शिकारी गोळी झाडी. पण दोघांपुढचा पेच एकच. माणूस पडला दिवसाचा प्राणी. रात्री फिरणाऱ्या जनावराशी त्याने सामना कसा द्यायचा?

नाकच त्याचे डोळे

रानडुकराची नजर बेताचीच असते. त्याचा खरा भरवसा नाकावर. वास ओळखण्याच्या कामी येणारी कार्यक्षम जनुके माणसात सुमारे ४००, तर डुकरात सुमारे १,१०० आहेत. नाकाचे टोक चकतीसारखे असून त्याला आतून एका लहान हाडाचा आधार असतो. म्हणून हेच नाक फाळासारखे जमिनीत घुसते आणि मातीखालची शेंग, कंद किंवा गांडूळ बरोबर शोधून काढते. अशा नाकाला माळ्यावरचा माणूस कळणार नाही काय?

ते ठरते वाऱ्यावर. दिवसा डोंगराचा उतार तापतो आणि त्याला लागून असलेली हवा वर चढते. निरभ्र रात्री उलट घडते. जमीन उष्णता गमावून थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड व जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहू लागते. रान वर आणि शेत खाली असेल, तर ही झुळूक आपला वास रानापासून दूर नेते. म्हणजे वारा आपल्या बाजूचा! पण कळप वळसा घालून खालच्या अंगाने आला, की पहिल्याच हुंगण्यात त्याला सुगावा लागतो आणि तो पसार होतो.

माळ्याच्या उंचीमुळे वास काही अंतर जनावराच्या डोक्यावरून निघून जातो. उभ्या पिकापलीकडचे दिसते, माणूस सुळ्यांपासून सुरक्षित राहतो. शिकाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक फायदा होता. वरून झाडलेली गोळी चुकली, तरी ती जमिनीत रुतण्याची शक्यता अधिक.

अर्धा चंद्र, पण उजेड अर्धा नाही

पौर्णिमेचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश असतो. मग अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचा प्रकाश पौर्णिमेच्या निम्मा असेल? नाही, तो जेमतेम दहावा हिस्सा असतो! चंद्रावर ऊन तिरपे पडले की तिथल्या डोंगरांच्या, विवरांच्या आणि धुळीच्या कणांच्या सावल्या बराच प्रकाश गिळतात. जुने शिकारी पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री का निवडत, हे यावरून कळेल.

एवढ्या अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांतील दंडपेशी काम करतात. त्या पुरत्या तयार व्हायला सुमारे अर्धा तास लागतो. त्यांचे रंगद्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनते. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. एक काडी ओढली, की अर्ध्या तासाची कमाई गेली! शिवाय डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच. म्हणून काळोखात एखादी वस्तू पाहायची तर तिच्या किंचित बाजूला पाहावे.

बिबट्याचे किंवा चितळाचे डोळे बॅटरीच्या झोतात चमकतात, कारण त्यांच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. डुकराला तो थर नाही. त्यामुळे डोळ्यांच्या चमकेवरून डुक्कर हेरता येत नाही.

काळी आकृती कुणाची?

रात्रीच्या शिकारीतला सर्वांत मोठा धोका इथेच आहे. दंडपेशींना रंग कळत नाही, बारकावा दिसत नाही. पिकात हललेली काळी आकृती डुकराची असेल, सुटलेल्या रेडकाची असेल किंवा शेजारच्या माळ्यावरून येणाऱ्या माणसाचीही असेल! नुसत्या सळसळीवर गोळी झाडल्याने माणसांचे जीव गेले आहेत.

आज रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. परवानगीशिवाय त्याची शिकार करणे गुन्हा आहे. कुंपणात वीज सोडणेही बेकायदा आहे, आणि त्या तारेला माणूस व डुक्कर यांतला फरक कळत नाही. पीक गेले तर महाराष्ट्रात वनखात्याकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. तरीही राखण कुणाला चुकत नाही. माळा, डबा आणि जागे माणूस यांची गरज अजून आहेच.

करून पाहा

१. रात्री उजेडाच्या खोलीत एक डोळा रुमालाने अर्धा तास घट्ट झाका. मग दिवा मालवा, रुमाल काढा आणि आळीपाळीने एकेका डोळ्याने खोली पाहा. कोणत्या डोळ्याला अधिक दिसते?

२. डोंगरउतारावर राहत असाल, तर वारा शांत असताना दुपारी आणि रात्री अंगणात उदबत्ती लावा. धूर कोणत्या दिशेला जातो, ते वहीत टिपून ठेवा. आठवडाभराच्या नोंदी पाहून सांगा : तुमच्या गावात माळा कुठे बांधावा?